मंगळवारची गोळी

मागच्या नवरात्रात आजीला ताप आला होता, एवढंच तुम्हा दोघांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. ताप होताच. पण बाकीचं तुमच्या आईने स्वतःपाशीच ठेवलं, कारण तुमच्या परीक्षा होत्या, आणि मीही म्हटलं, राहू दे. आता परीक्षा होऊन गेल्या, मी आमच्या गंगापूर रोडच्या घरात बाल्कनीत बसून लिहिते आहे, तेव्हा नीट पहिल्यापासून सांगते. लिहिते हाताने. एका बैठकीत पान होत नाही. मधेच पेन ठेवून बोटं उन्हात धरावी लागतात. अक्षर ओळखीचं वाटलं नाही तर आईला विचारा, ती सांगेल की हे तुमच्या आजीचंच आहे.

माझ्या कानामागे आणि केसांच्या रेषेवर गेली कित्येक वर्षं खपल्या येत. सोरायसिस. शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा काळ्या साड्या नेसणं मी सोडून दिलं, कारण खांद्यावर पांढरा भुसा दिसायचा. त्याहून जास्त त्रास त्याने दिला नाही, म्हणून मी त्याला आजार धरलाच नव्हता. मग अडीच वर्षांपूर्वीच्या थंडीत उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं. नुसता सांधा नाही, मुळापासून टोकापर्यंत अख्खं बोट, लालबुंद आणि टणक, गाजरासारखं. पाठोपाठ टाच. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की वाटायचं, टाचेत कुणी दाभण खुपसतंय. हाडांच्या एका डॉक्टरांनी वय म्हटलं, दुसऱ्यांनी संधिवाताची तपासणी केली, ती चांगली आली. मी खूश झाले. तपासणी चांगली आणि बोट वाकडं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटी सांध्यांच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. वयाने तुमच्या आईएवढ्या. त्यांनी बोट बघायच्या आधी माझी नखं बघितली. नखांवर बारीक खड्डे होते, शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानावर असतात तसे. मला ते कॅल्शियम कमी पडल्याचं वाटायचं.

"काकू, डोक्यात खपल्या येतात का?" त्यांनी विचारलं.

मला इतकी लाज वाटली की मी पदर पुढे ओढला. हातांसाठी आलेल्या बाईला डोक्यातलं कसं काय विचारतात!

एकाच आजाराची ती दोन तोंडं होती. सोरायटिक आर्थ्रायटिस. आपल्याच शरीराची पहारा देणारी फौज चुकून आपल्याच कातडीवर आणि सांध्यांवर चालून जाते, असं त्यांनी समजावलं. मग एक्स-रे दिव्यावर लावला आणि पेनच्या टोकाने बोटाच्या हाडाची कड दाखवली. तिथे उंदराने बिस्कीट कुरतडावं तसं झालं होतं. "हे परत भरून येत नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं थांबवता येतं."

मी घरी येईपर्यंत रिक्षात हाताची मूठ करून बघत होते. ती होत नव्हती. मूठ न होणं म्हणजे काय, ते सांगते. कणीक मळता येत नाही. परकराची नाडी बांधता येत नाही. गोळ्यांच्या पाकिटातून गोळी दाबून बाहेर काढता येत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

औषध दिलं ते मेथोट्रेक्सेट. बारीक पिवळी गोळी, आठवड्यातून एकदाच. डॉक्टरबाईंनी ते तीनदा सांगितलं, चिठ्ठीवर लाल पेनने लिहिलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. "आठवड्यातून एकदा. रोज नाही. वार ठरवा, जो तुम्ही कधीच विसरणार नाही." बाकीच्या दिवशी फॉलिक अॅसिडची गोळी, या औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून. तीही बारीक. तीही पिवळी.

न विसरण्याचा वार म्हटल्यावर माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मंगळवार. लग्न झाल्यापासून मी देवीचा मंगळवार करते. बाळंतपण सोडलं तर एकही चुकला नाही. तुमचे आबा म्हणाले, "हे बरं झालं. उपवासाचं ताट वाढलं की वाटीत गोळी."

आबांना तुम्ही ओळखता, पण त्यांच्या नोकरीचं तुम्हाला फारसं माहीत नाही. ते ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथला नियम ते जेवताना कितीदा तरी सांगायचे: बोल्ट आवळतो एक आणि तपासतो दुसरा. ज्याने आवळला त्यानेच परत बघितलं तर ते तपासलं असं धरत नाहीत. निवृत्त झाल्यावरही गॅसची नळी, गच्चीचं कुलूप, माझ्या इस्त्रीचं बटण, सगळं ते मागे फिरून बघतात. मग गोळ्या त्यांच्याकडे गेल्या यात नवल नाही. माझी बोटं पाकीट फोडू शकत नव्हती. ते फोडायचे, स्टीलच्या छोट्या वाटीत गोळी टाकून ताटाच्या डाव्या बाजूला ठेवायचे. वरण-भाताच्या ताटाला फॉलिकची गोळी, भगरीच्या ताटाला मेथोट्रेक्सेटची. मी नावही वाचत नसे. वाटीत असेल ते पाण्याबरोबर गिळायचं.

माझी धाकटी जाऊ सायखेड्याला असते, शेतात. ती मेथीच्या जुड्या घेऊन एसटीने येते आणि आल्या आल्या सगळ्यांची झडती घेते. तिने वाटी बघितली.

"ताई, उपासाला गोळी चालती व्हय?"

"औषध आहे. चालतं."

"मंग चहापण औषधच हाय म्हना की. दोनदा मांडा."

तिने माझ्यासाठी एक पुडीही आणली होती, कुठल्याशा वैदूची, तपकिरी भुकटी. "लय गुन येतो. आमच्या शेजारणीचं तर आखडल्यालं अंग पंधरवड्यात सुटलं." मी पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंना ती दाखवली. त्या म्हणाल्या, असल्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लगेच बरं वाटतं, आणि बंद केलं की सोरायसिस दुप्पट उसळतो. मी ती पुडी संडासात ओतली आणि जावेला सांगितलं, घेते आहे.

गोळी लगेच लागू पडली नाही. दोन महिने मी मंगळवारी दुपारी मळमळत पडून राहायचे आणि बुधवारी पेंगत. रक्त तपासायचं, यकृत ठीक आहे ना बघायचं, पुन्हा गोळी. पण उन्हाळ्यात एके सकाळी मी लसूण सोलत होते आणि अर्धा गड्डा झाल्यावर लक्षात आलं की मी लसूण सोलते आहे. आबांना हाक मारली. ते धावत आले, त्यांना वाटलं बोट कापलं.

म्हणून मागचं नवरात्र माझ्यासाठी मोठं होतं. त्याआधीच्या वर्षी, गोळी सुरू व्हायच्या आधी, घटाची माळ विकतची होती. या वेळी मी स्वतः ओवणार होते. फुलबाजारातून झेंडू आणला, सुईत दोरा आबांनी ओवून दिला, आणि पहिली माळ मी केली. वाकडी झाली. घटावर चढवली तेव्हा मला रडू आलं. आबा म्हणाले, "डाव्या बाजूला दोन फुलं जास्त आहेत." तपासणी खातं!

नवरात्राचे उपवास मी पूर्ण नऊ दिवस करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरबाईंना मी विचारलं होतं, त्यांनी पोटभर फराळ करा आणि पाणी भरपूर प्या असं सांगितलं होतं. तेव्हा ताटात रोज भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, कधी राजगिऱ्याचा लाडू. आणि ताटाच्या डाव्या बाजूला वाटी. वाटीत पिवळी गोळी.

तुम्हाला कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. इतके महिने आबांच्या हाताला एकच खूण होती: उपवासाचं ताट दिसलं की या पाकिटातली गोळी. ताट रोज उपवासाचं होतं. हात आपलं काम करत राहिले. आणि मी, वाचता-लिहिता येणारी, शाळेत मुलींना प्रश्न नीट वाचूनच उत्तर लिहायला शिकवणारी, गिळत राहिले.

पाचव्या की सहाव्या माळेला तोंड आलं. जिभेच्या कडा सोलल्यासारख्या झाल्या. भगरीचा दाणा लागला तरी डोळ्यांत पाणी. यात घाबरण्यासारखं मला काही वाटलं नाही. उपवासात दाण्याने, बटाट्याने उष्णता होते आणि तोंड येतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. जावेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "सब्जा भिजवा, गुलकंद खा. त्या आमटीत मिरची किती घातली व्हती? आणि म्हनायचं देवीनं तोंड भाजलं!" मी हसले, तर ओठ फाटून रक्त आलं. गुलकंद खाल्ला. सब्जा प्यायले. दुसऱ्या दिवशी हातावर जांभळे डाग होते, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. माळ ओवताना सुई टोचली तर त्या एवढ्याशा टोचीचं रक्त थांबेना. कापूस दाबून बसले. तरी मी म्हटलं, उष्णताच.

अष्टमीला दुपारी मी ताट घेऊन बसले होते. खाववत नव्हतंच. आबा स्वयंपाकघरात होते. वाटीचा आवाज आला नाही. मी हाक मारली. वळून बघितलं तर ते ओट्यापाशी उभे होते, हातात पाकीट, उजेडाकडे धरलेलं. सगळी घरं फुटलेली. रिकामं.

"हे दिवाळीच्याही पुढे पुरायला हवं होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, "कुठलं?"

त्यांनी नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, घटाकडे बघितलं. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. आमचा मुलगा जन्मानंतर अकराव्या दिवशी गेला तेव्हासुद्धा नाही. तुमच्या आईच्या आधी एक होता, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मी फोन लावला. त्यांना नंबर दाबता येत नव्हता. डॉक्टरबाईंनी मला बोलूच दिलं नाही. "किती दिवस? तोंड आलंय? ताप आहे? डाग? काकू, आत्ताच्या आत्ता निघा. काही खाऊ नका, कपडे भरू नका, निघा."

कपडे भरू नका हे ऐकल्यावर मला खरी भीती वाटली. आयुष्यात मी कुठेही पिशवी न भरता गेलेली नाही.

दवाखान्यात रक्त काढलं. रिपोर्ट घेऊन आलेल्या डॉक्टरांनी मला न सांगता परिचारिकेला मास्क आणायला सांगितला, तेव्हा मी इंग्रजीतून म्हटलं, मला आकडे समजतात, सांगा. त्यांनी सांगितले. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, रक्त गोठवणाऱ्या पेशी अगदी खाली. हे औषध कमी मात्रेत त्या चुकलेल्या फौजेला आवरतं. रोज घेतलं की हाडांमधला रक्ताचा कारखानाच बंद पाडतं. "उतारा आहे," ते म्हणाले, "पण उशीर झालाय. तो लागू पडेपर्यंत कुठलाही जंतू आत यायला नको."

वेगळ्या खोलीत ठेवलं. फूल नाही, फळ नाही, भेटायला कुणी नाही. उताऱ्याचं इंजेक्शन ठरलेल्या वेळी शिरेतून. संध्याकाळी ताप चढला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडले होते आणि मला एकसारखं वाटत होतं की आत, हाडांच्या आत, दिवे मालवलेत. जीभ हलत नव्हती. तुमच्या आईने व्हिडिओ लावला तर मी हात हलवला, बोलता येत नाही हे तिला कळू नये म्हणून. मनात एकच होतं. हे असं आमटी-भगरीच्या ताटावर मरायचं? आणि मी मेले तर त्या माणसाचं काय होईल?

तो माणूस दाराच्या काचेपलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असायचा. मला तो दिसायचा. मी बघितलं की तो मान खाली घालायचा. एकदा मला त्याचा राग आला. खूप आला. हातात सलाईन नसतं तर मी उठून काचेवर थाप मारली असती. इतकं मागे फिरून कुलपं बघता, आणि हे? मग ताप वाढला आणि राग कुठे गेला कळलं नाही.

दसरा तिथेच गेला. जाऊ सायखेड्याहून सोनं म्हणून आपट्याची पानं घेऊन आली. तिला आत सोडलं नाही. तिने पानं काचेला चिकटवून धरली आणि बाहेरून ओरडली, "ताई, सोनं घ्या! आन् मी तुमच्यासाठी काय बी आनल्यालं नाय, पुडी नाय, काय नाय, भिऊ नका!" परिचारिका तिला ओढून घेऊन गेली.

हळूहळू आकडे वर आले. आधी थोडे, मग एकदम. ज्या दिवशी पहिल्यांदा पेज गिळली, त्या दिवशी डॉक्टर मास्क काढून माझ्याशी बोलले. घरी आले तेव्हा घट कधीच उठले होते. आबांनी माती कुंडीत टाकली होती. माझी वाकडी माळ त्यांनी वाळलेली तशीच ठेवली होती, का ते मी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांनी गोळ्यांना हात लावला नाही. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीलासुद्धा. माझी सगळी पाकिटं शेजारच्या बाई येऊन फोडून देत. आबा तेवढ्या वेळापुरते बाल्कनीत जायचे. कुलपं बघणंही थांबलं. ते मला गोळ्यांपेक्षा जास्त घाबरवणारं होतं.

आणि आजार? तो काही आमच्यासाठी थांबला नाही. औषध बंद झाल्यावर थंडी पडायला लागली तसा तो परत आला. आधी टाच, मग उजवं बोट, मग डाव्या हाताचं एक, जे आधी धड होतं. कोपरांवर चट्टे. सकाळी हात उघडायला गरम पाण्यात धरावे लागायचे. मला झोपेतून उठायची भीती वाटायला लागली, कारण उठलं की काय काय बंद पडलंय ते कळायचं.

डॉक्टरबाईंकडे गेलो. आबा बाहेर बसले. त्यांना आत बोलावलं तर म्हणाले, "मी कशाला?" डॉक्टरबाईंनी स्वतः दार उघडून त्यांना आत आणलं आणि खुर्ची दिली.

"काकू, नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर राहायचं असं मनात असेल तर आधीच सांगते. तुम्हाला रक्तदाब आहे, मूत्रपिंडं त्या गोळ्या फार दिवस झेलणार नाहीत. आणि दुखणं कमी झालं तरी हाड कुरतडणं चालूच राहील."

"दुसरं काही?"

"सल्फाची एक गोळी असते."

"मला सल्फा चालत नाही. मुलगी झाली तेव्हा ती घेऊन अंगावर फोड आले होते."

"मग ती नाही. दुसरी एक रोज घ्यायची गोळी आहे. ती रक्तदाब वाढवू शकते, आणि त्रास झालाच तर शरीरातून निघायला फार वेळ लावते. रक्ताच्या पेशींवर तिचाही परिणाम होऊ शकतो. तुम्ही जे भोगलंत त्यानंतर मी ती आनंदाने देणार नाही." त्यांनी पेनचं टोपण लावलं. "इंजेक्शनं आहेत. नव्या प्रकारची. ती सगळ्या फौजेला झोपवत नाहीत, त्यातल्या एकाच निरोप्याला अडवतात. चांगली आहेत. महाग आहेत. पण ती सुरू करायच्या आधी आत कुठे क्षयाचा जंतू झोपलेला नाही ना, ते बघावं लागतं."

छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. रक्ताची तपासणी मात्र तशी आली नाही.

क्षय हा शब्द मी लहानपणी ऐकला तो आत्याच्या पितळी पेल्याबरोबर. आमच्या माजघरात तिचा पेला वेगळा, ताट वेगळं, आणि एका उन्हाळ्यात दोन्ही राखेने घासून पालथे घातलेले. रिपोर्ट हातात घेऊन मी तिथेच डॉक्टरबाईंच्या टेबलाला धरलं. त्यांनी मला पाणी दिलं. "तुम्हाला क्षय झालेला नाही. कधीतरी जंतू शिरला असेल, शरीराने त्याला कोंडून ठेवलंय. आपल्याकडे असं पुष्कळ जणांचं असतं, त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण ते इंजेक्शन द्यायचं तर आधी त्या जंतूचं औषध काही महिने घ्यावं लागेल."

"आणि ती पिवळी?" मी विचारलं. मलाच माझा आवाज ऐकू आला. आबांनी खुर्चीचा हात धरला.

"तुम्हाला त्या गोळीने गुण आला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही आजारी पडलात ते गोळीने नाही, रोज घेतल्याने. रक्त आता पूर्ण सुधारलंय. कमी मात्रेपासून, लवकर लवकर रक्त तपासत, परत सुरू करता येईल. मी आग्रह करणार नाही. इंजेक्शनची वाट मोकळी आहे, फक्त लांबची आहे. घरी जा, विचार करा. पण फार दिवस करू नका. ते डावं बोट अजून कुरतडलेलं नाही."

घरी आल्यावर आबा म्हणाले, "इंजेक्शनच घे. थांबू काही महिने."

"आणि तोवर डावा हात?"

"मी आहे ना. मी मळीन कणीक."

"तुमची कणीक मी खाल्ली आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "ती गोळी या घरात नको." आणि बाल्कनीत गेले.

मी आठवडाभर विचार केला, असं म्हणायचं. खरं तर मी आठवडाभर भीत होते. एका बाजूला ती खोली, आत मालवलेले दिवे. दुसऱ्या बाजूला आत्याचा पेला. आणि मधे रोज सकाळी थोडं थोडं बंद होणारं बोट. कुठलीही एक भीती निवडली की बाकीच्या दोन कमी होतील असं नव्हतं. मला निर्भय करणारा कुठलाच उपाय नव्हता, हे कळायलाच तो आठवडा गेला. मग मी डॉक्टरबाईंना फोन केला आणि म्हटलं, पिवळी.

वार बदलला. रविवार. आमच्या घरी रविवारी उपवास कधीच नसतो, मटण असतं. फॉलिकची गोळी वेगळ्या रंगाची मागितली, मिळाली. दुकानदाराला सांगितलं की ती दुसरी एका वेळी चारच द्यायची, पाकीट कापून. तो म्हणाला, "मॅडम, अख्खं घेऊन जा ना, कशाला चकरा?" मी म्हटलं, चकरा मारायच्या आहेत.

पहिल्या रविवारी जेवण झालं. शेजारच्या बाई गावाला गेल्या होत्या. मी पाकिटाचा तुकडा हातात घेतला आणि अंगठ्याने दाबलं. कागद फुटेना. दाताने बघितलं, नाही. कात्रीत बोटं जाईनात. आबा दाराकडे चालले होते.

"अहो."

ते थांबले. वळले नाहीत.

"मला हे फुटत नाही."

"शेजारच्या आल्या की..."

"त्या बुधवारी येणार. आज रविवार आहे."

"माझ्या हातून नको."

"कारखान्यात एकट्याने बोल्ट आवळून विमान सोडलं असतंत का तुम्ही?"

ते वळले.

"घरी सोडलंत ना. कारण दुसरा तपासनीस झोपा काढत होता. तो तपासनीस मी होते. या इकडे. तुम्ही आवळा, मी बघते."

ते आले. बसायला वेळ लागला त्यांना. चष्मा पुसला, लावला, परत काढून पुसला. पाकीट हातात घेतलं आणि परत खाली ठेवायला गेले. मी त्यांचं मनगट धरलं. माझ्या सुजलेल्या बोटांनी जेवढं धरता आलं तेवढं. मग त्यांनी नाव वाचलं, मोठ्याने, एकेक अक्षर सुटं. मी म्हटलं, "बरोबर. वार रविवार. मागची कधी?" ते म्हणाले, "अष्टमीच्या आदल्या दिवशी." मग त्यांनी दाबलं, गोळी वाटीत पडली. आवाज झाला.

मी ती जिभेवर ठेवली. एक क्षण वाटलं, थुंकून टाकावी. पाणी प्यायले. आबा माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, जणू आत्ताच काही होणार आहे.

"काही वाटतंय?"

"मटणात मीठ कमी होतं."

त्यानंतरचे चार दिवस आम्ही दोघांनी आरशापुढे माझी जीभ किती वेळा बघितली हे सांगत नाही. तेव्हापासून दर रविवारी हे असंच चालतं. ते नाव वाचतात, मी वार सांगते, मग गोळी. तुम्ही मागे व्हिडिओवर ते पाहिलंत आणि धाकट्याने विचारलं, आजी-आबा प्रार्थना करतायत का? आबांनी हो म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

रक्त अजून तपासतो. रिपोर्ट यायचा असतो त्या सकाळी मला चहा जात नाही. डावं बोट वाचलं आहे, निदान आतापर्यंत. उजवं तसंच वाकडं राहणार. गच्चीच्या कुलपाकडे आबा पुन्हा जाऊ लागले आहेत.

पुढच्या महिन्यात घट बसतील. यंदा मी उठता-बसताच करणार, पहिला दिवस आणि शेवटचा. दोन्ही रविवारी नाहीत ना, ते आबांनी कॅलेंडरवर बघितलं. मग मला बघायला लावलं.